कशेळीची वसंतातली चाल आणि नंतरची पंगत: जेवण चोख, हत्तीकडे दुर्लक्ष

आधी पैशांचं सांगते, कारण मैत्रिणींनी पहिला प्रश्न तोच विचारला. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या या चालीचे माणशी १,१०० रुपये. त्यात रत्नागिरीहून मिनीबसने जाणं-येणं, सकाळचा नाश्ता, वाटेत कोकम सरबत आणि दुपारचं जेवण. मासे हवे असतील तर वर १५०. पैसे आधी भरायचे, पावती मोबाइलवर येते आणि पावतीवरची रक्कम भरलेल्या रकमेशी जुळते. जन्म पोस्टाच्या काउंटरवर गेलेल्या बाईला या शेवटच्या गोष्टीचं कौतुक असतं, तेव्हा समजून घ्या.

ही चाल काढणारी मंडळी वर्षभर रत्नागिरीच्या आसपास चालायला नेतात. पावसाळ्यात धबधबे, थंडीत किल्ले. पण शिमगा उरकल्यावरच्या रविवारी कशेळीची जी चाल असते तिचं नाव जास्त ऐकू येतं, आणि खरं कारण जेवण आहे हे कुणी लपवत नाही. मी गेले तीही जेवणाचं ऐकूनच. वेळापत्रकात लिहिलेलं असतं ‘सोपी चाल, ७ किलोमीटर, मध्ये देऊळ आणि समुद्र’. त्यातलं ‘सोपी’ कितपत खरं, ते पुढे येईलच.

बस पहाटे साडेपाचला सुटणार असं सांगितलं होतं आणि साडेपाचलाच सुटली. एक जोडपं धावत आलं, त्यांच्यासाठी दोन मिनिटंसुद्धा थांबायची चालकाची तयारी नव्हती. मला हे आवडलं. या दिवसांत कोकणात सकाळी चालायचं ते शिस्त म्हणून नाही, सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, तापतो म्हणून. जांभ्याच्या कातळावर सावली नाही, माती नाही, दहा वाजले की खालून आणि वरून दोन्हीकडून शेकायला होतं. साडेअकराला सड्यावर असलेला माणूस जेवायला नीट बसूच शकत नाही, नुसतं पाणी पीत राहतो. या लोकांनी हे ओळखलंय. सड्याचा भाग आधी, झाडीतली पाखाडी (दगडी पायवाट) नंतर, देवळात ऊन चढतं तेव्हा, आणि समुद्र वाऱ्याच्या वेळेला. सगळा आराखडा उन्हाकडे बघून केलेला आहे आणि तो करणाऱ्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

भाट्याचा पूल, पावस, मग पूर्णगडाजवळ मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल. गावखडीला सुरूच्या बनात थांबून पोहे आणि चहा. पोहे बरे होते, खोबरं ओलं होतं, चहा मात्र थर्मासमधला आणि तसाच लागला. गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपून ठेवतात, पिल्लं समुद्रात सोडतात. पुण्याहून आलेल्या एका दादांनी विचारलं, ‘मग ते पण दाखवा ना.’ गटप्रमुख मुलगी म्हणाली, ‘दादा, ते बघायचं तर त्यासाठी वेगळे या. पिल्लं आपल्या बसच्या वेळेवर बाहेर येत नाहीत.’ हेही बरं वाटलं. नाहीतर हल्ली एका दिवसात कासव, किल्ला, मंदिर, मिसळ सगळं कोंबतात आणि शेवटी आठवतं ते फक्त बसमधलं ऊन.

सड्यावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. वाट दाखवायला गावातले एक तात्या होते. मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावाला परत आले ते आलेच. हातात काठी, डोक्याला पंचा, पायात रबरी चपला. आम्ही सगळे हजारो रुपयांचे बूट घालून त्यांच्या मागे. त्यांचं वैशिष्ट्य हे की विचारल्याशिवाय बोलत नाहीत. शहरातल्या निसर्गफेरीत वाटाड्या अखंड बोलत असतो आणि आपण नुसतं हं-हं करतो. तात्या एखाद्या झुडपापाशी उभे राहायचे, आपण विचारायचं. अंजनीला फांदीभर निळ्या-जांभळ्या फुलांचे गोंडे आले होते, पानापेक्षा फूल जास्त. मी इतकी वर्षं रत्नागिरीत राहते, ही फुलं इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. उक्षीचा वेल फिकट हिरव्या फुलोऱ्याने भरला होता. तात्या म्हणाले, रानात तहान लागली आणि पाणी नसलं तर उक्षीचा जाड वेल तोडतात, त्यातनं पाणी गळतं. एका मुलाने लगेच तोडून दाखवा म्हटलं. तात्या म्हणाले, ‘तहान लागलीय काय तुला? बाटली हाय ना पाठीवर?’ विषय संपला.

पांगाऱ्यावर लाल फुलं, पान एक नाही, आणि फुलांवर साळुंक्यांचा गोंधळ. करवंदीला पांढरी फुलं आणि मधेमधे हिरवी बारीक करवंदं. काजूच्या बागेत खाली पिवळी-तांबडी बोंडं पडलेली, त्यांचा तो आंबूस वास. तात्यांनी बोंड खायला दिलं आणि सांगितलं की रस कपड्यावर पाडू नका, डाग जन्मात जायचा नाही. पांढऱ्याशुभ्र टी-शर्टवाल्या एका ताईंनी ऐकलं नाही. त्यांचा टी-शर्ट आता घरात वापरायचा झाला.

हापूसच्या कलमांपाशी आम्ही जरा जास्त थांबलो आणि ते योग्यच झालं. बाहेरच्यांना वाटतं कोकणात आंबा आपसूक येतो. या कातळावर कलम लावायचं तर सुरुंग लावून खड्डा काढतात, बाहेरून माती आणून तो भरतात, मग त्यात कलम. पहिली काही वर्षं माणसाने पाणी घालायचं. मोहोर आला की तुडतुड्याची भीती, थंडी कमी पडली तरी भीती, अवकाळी पाऊस आला तर सगळ्याचीच भीती. बागेच्या कडेला पत्र्याच्या खोपीत नेपाळी राखणदार राहतात, हंगामभर. त्यातल्या एकाची बायको चुलीवर चहा करत होती. तिने आमच्यातल्या लहान मुलीला हाक मारून एक कैरी दिली, आणि ती मुलगी नंतर दिवसभर ती कैरी खिशात घेऊन फिरली.

आता हत्ती. इथे माझी मोठी तक्रार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला एक हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या अंगात आणखी प्राणी, मासे, पक्षी कोरलेले आहेत. एकदा डोळा बसला की एकेक सुटं होत जातं, तोवर नुसत्या रेषा. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, त्यात कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचं गोठणं ही नावं आहेत. एक सिंधुदुर्गात कुडोपीला, एक गोव्यात. दगडावरच्या रेषेचं वय थेट मोजता येत नाही, त्यामुळे किती हजार वर्षं हा वाद चालूच असतो. पण कोकणातल्या काही कातळशिल्पांमध्ये गेंडा आहे, पाणघोडा आहे. हे प्राणी इथे आज नाहीत, म्हणजे कोरणाऱ्याने कधीतरी बघितले असणार. एवढं म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

वेळ अगदी बरोबर साधली होती, हे मान्य. ऊन तिरपं होतं. रेषा बोटभर खोल, त्यात सावली पडते आणि चित्र वर उठून येतं. दुपारी बाराला इथे येऊन निराश होऊन गेलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना नुसता कातळ दिसतो.

पण बसमध्ये, नाश्त्याला, वाटेत, कुठेही कुणी सांगितलं नव्हतं की कोरीव कामावर पाय द्यायचा नाही. आम्ही २६ माणसं. पोचल्या पोचल्या सहा-सात जण बुटांसकट सरळ आत. एक जण हत्तीच्या पोटात उभा राहून ‘हत्ती कुठाय?’ विचारत होता. एकाने पाण्याची बाटली टेकवली ती एका माशावर. तात्यांनी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. त्यांचा आवाज तेव्हा चढला तेवढा दिवसभरात पुन्हा चढला नाही. मग गटप्रमुखांनी माफी मागून सूचना केली, सगळ्यांनी कडेने फेरी मारली, नीट बघितलं. पण सूचना नंतर देऊन काय उपयोग? जांभा मऊ दगड आहे, पावसाने झिजतोच, त्यात आपली भर कशाला. आदल्या दिवशी मोबाइलवर आम्हाला दहा सूचना आल्या होत्या. मासे खाणार का, भात लाल चालेल का, मधुमेह कुणाला, पंगतीत खाली बसता येत नसेल तर खुर्ची लागेल का. एकही सूचना हत्तीबद्दल नव्हती. जेवणाचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसांना त्याच यादीत अकरावी ओळ घालणं जड नव्हतं. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं आहे, म्हणून इथे लिहायला संकोच नाही.

२६ हा आकडाही जास्तच. पंधरा-सोळा असते तर सगळ्यांना तात्यांचं बोलणं ऐकू आलं असतं. मागच्या टोकाला एक गृहस्थ मोबाइलवर गाणी लावून चालत होते. त्यांना दोनदा सांगावं लागलं, आणि दोन्ही वेळा सांगणारी मीच.

सड्यावरून खाली उतरायला पाखाडी आहे. जांभ्याचे चिरे, दोन्ही बाजूंना गडगे, वर आंबा-फणसाची सावली. गुडघेदुखीवाल्यांनी इथे सावकाश उतरावं, चिऱ्यांवर वाळलेली पानं असतात, पाय घसरतो. मधल्या वाडीत एका घरी पालखी आली होती. शिमग्यात आणि नंतरही काही दिवस आमच्याकडे गावदेवीच्या पालख्या घरोघर फिरतात, त्यामुळे हे नवल नव्हे, पण आमच्या वेळापत्रकात ते नव्हतं. ढोल वाजत होते, वाट अडलेली, आणि पुढे जायचं तर अंगणातूनच. गटप्रमुखांनी सरळ थांबा म्हणून सांगितलं. अर्धा तास गेला. घरच्या आजींनी आम्हा सगळ्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं, बायकांना कुंकू लावलं, जणू आम्ही माहेरवाशिणी. या अर्ध्या तासाबद्दल एका पाहुण्यांनी नंतर कुरकुर केली की पुढे समुद्रावर वेळ कमी पडला. पडला, हो. पालखी सोडून पुढे पळालो असतो तर मीच कुरकुर केली असती.

कनकादित्याचं देऊळ बघायला आम्हाला अर्धा-पाऊण तास मिळाला. सूर्याची देवळं मुळात कमी, कोकणात तर फारच कमी, आणि इथला रथसप्तमीचा उत्सव मोठा. कथा अशी सांगतात की प्रभासपाटणहून सूर्याच्या मूर्ती घेऊन जाणारं एक गलबत कशेळीच्या किनाऱ्याजवळ अडलं, एक मूर्ती इथल्या घळीत ठेवली तेव्हा ते हललं, आणि पुढे कनका नावाच्या बाईला दृष्टांत होऊन ती मूर्ती गावात आली. कथा कथेच्या जागी. मला जास्त रस होता तो ताम्रपटात. शिलाहार राजा दुसरा भोज याने शके १११३ मध्ये, म्हणजे इ. स. ११९१ मध्ये, कशेळी गाव दान दिलं त्याची ती नोंद आहे, आणि दान कशासाठी, तर रोज बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठी. सव्वाआठशे वर्षांपूर्वीही इथे कुणीतरी पंगतीचा हिशेब तांब्यावर लिहून ठेवला होता, हे वाचून पोस्टातली बाई खूश झाली. आमच्या गटातल्या एका मास्तरांनी विचारलं, ‘बारा ब्राह्मणांना गाव लागतं, मग सव्वीस जणांना काय लागेल?’ गटप्रमुख म्हणाली, ‘अकराशे प्रत्येकी.’ हजरजबाबी आहे मुलगी.

देवघळीचा किनारा मी वरूनच बघितला. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मधे वाळूचा तुकडा, वरून दृश्य सुंदर. खाली उतरायचा उतार मात्र ‘सोपी चाल’ या शब्दांत बसत नाही. गेले ते धापा टाकत परत आले. त्यांनी जाहिरातीत हे सरळ लिहावं, की सड्याचा आणि गावाचा भाग कुणालाही जमेल, खालचा उतार ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांना विचारून. आम्ही वर बसलेल्या चौघी-पाचजणी वाऱ्यात सरबत पीत होतो आणि तेव्हाच आमची खरी ओळख झाली. एक लांज्याची परिचारिका, एक मुंबईहून नवऱ्याच्या गावी कायमची राहायला आलेली, एक नुकतीच सासू झालेली. सुनेबद्दल तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

पंगत पावणेएकला बसली. घर जुनं, पुढे पडवी, मागे मोठं खळं, खळ्यावर माडाच्या झावळांचा मांडव. शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागते, सात किलोमीटर चालून आलेल्या पायांना तर फारच. हात-पाय धुवायला मागच्या विहिरीचं पाणी, पितळी घागर आणि तांब्या. प्यायचं पाणी स्टीलच्या पेल्यांत, प्लॅस्टिकची बाटली कुठेही नाही. संडास मात्र एकच, आणि २६ माणसं. रांग लागली. रांगा मी जन्मभर पलीकडून बघितल्या, त्यामुळे मला त्यात मजा वाटली, इतरांना वाटली नाही.

घरच्या काकींचा एक नियम होता. नवरा-बायकोने शेजारी बसायचं नाही, बरोबर आलेल्यांनीही नाही. ‘घरी रोज एकत्रच जेवता ना? मग आज दुसऱ्याबरोबर जेवा.’ पुण्याचे दादा जरा गोंधळले, पण बसले जाऊन एका सोळा वर्षांच्या पोराशेजारी, आणि जेवण संपेपर्यंत दोघं बुद्धिबळावर बोलत होते. एकमेकांना न ओळखणारी माणसं इतक्या लवकर मोकळी होताना मी कमी बघितली आहेत. गटातल्या बाकीच्या कार्यक्रमांत ओळखपरेड घेतात म्हणे, प्रत्येकाने उठून नाव, व्यवसाय, छंद. इथे काकींनी ते काम दोन वाक्यांत केलं.

केळीचं पान, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, कैरीचा ताजा तक्कू. चैत्र लागायचा होता तरी आंबेडाळ होती, भरडसर वाटलेली, मोहरीची फोडणी, कैरी पुरेशी आंबट. बाहेर हॉटेलात आंबेडाळ म्हणून चटणीसारखं गुळगुळीत काहीतरी देतात, ती ही नव्हे. कोवळ्या फणसाची, आमच्याकडे कुयरीची म्हणतात ती भाजी, नुसतं तिखट-मीठ, मोहरी आणि वर खोबरं. कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. भाकरी एकेक गरम येत होती, चुलीवरून पानात, आणि हे २६ माणसांना करणं किती कठीण ते ज्याने चुलीपाशी उभं राहून बघितलंय त्यालाच कळेल. मी पंगतीनंतर आत जाऊन बघितलं. दोन चुली, दोन जणी थापायला, एक भाजायला.

आणि ओल्या काजूगरांची उसळ. यासाठीच पुन्हा जाईन. गर मऊ पण मोडलेला नाही, वाटण पातळ, गोडसर, मिरीचा किंचित झणका. उसळीत बटाटे घालून गर लपवायची चलाखी नाही, गरच गर. सकाळी ज्या झाडांखालून आलो त्याच बागेतले. ओला काजू महाग का, असा प्रश्न पडणाऱ्यांनी काकींच्या सुनेची बोटं बघावीत. कवचातला चीक कातडी जाळतो. खोबरेल लावून, राख लावून सोलतात तरी बोटं काळी पडतात आणि सालं निघतात. तिने वाढताना हात पदरात लपवला नाही, आणि मीही विचारलं नसतं, पण परिचारिकाबाईंनी विचारलं आणि मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. ओले गर शेकड्यावर विकतात. पंगतीला किती शेकडे लागले असतील याचा हिशेब मी मनात केला आणि अकराशे रुपयांची कुरकुर तिथेच सोडली.

माशांची पंगत खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या चुलीवरची. मी तिथे होते. तिसऱ्यांचं सुकं उत्तम, शिंपल्यांत वाळूचा कण नाही, म्हणजे कुणीतरी रात्रभर पाण्यात ठेवून कष्ट घेतलेत. तळलेला बांगडा मात्र आधी तळून ठेवलेला, गार आणि चिवट. दीडशे रुपये फक्त तिसऱ्यांचे घ्या आणि बांगडा बंद करा, किंवा ताज्या भाकरीसारखा ताजा तळा. शाकाहारी पंगत इतकी सरस होती की मासे न मागणाऱ्यांचं काहीच बिघडलं नाही.

लाल भात, त्यावर आमसुलाचं सार, शेवटी सोलकढी. गोड म्हणून खापरोळ्या, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात भिजलेल्या. दोन खाल्ल्या. मधुमेहवाल्यांसाठी आदल्या दिवशी विचारलं होतं ते नुसतं विचारण्यापुरतं नव्हतं. त्यांना बाजूला बिनगुळाचा रस होता. आग्रह मात्र दांडगा. काकी ‘नको’ हा शब्द ऐकतच नाहीत. पान टाकायचं नसेल तर हात पानावर आडवा धरा, तोंडाने सांगून भागत नाही.

राजापूर तालुक्यात पंगत बसली की रिफायनरीचा विषय निघतोच, तसा निघाला. एका बाजूला रोजगार म्हणणारे, दुसऱ्या बाजूला बारसूचा सडा आणि तिथली कातळशिल्पं म्हणणारे. आवाज चढले. तात्या जेवता जेवता म्हणाले, ‘गिरणी बंद झाली तेव्हा पण सगळे असंच बोलत होते वो. आधी भात घ्या.’ भात घेतला, वाद राहिला तो राहिलाच, पण आवाज खाली आले.

जेवणानंतर तासभर कुणालाही काही करायला लावलं नाही. पडवीत चटया टाकलेल्या, ज्याला आडवं व्हायचं तो झाला, सुपारी कातरून समोर आली. काकींकडून आमसुलं आणि काजूगर विकत घेता येतात. भाव पाटीवर लिहिलेला आहे, घासाघीस करू नका, शोभत नाही. परतीची बस मात्र तब्बल चाळीस मिनिटं उशिरा सुटली, कारण दोघं आंब्याच्या पेट्या बघायला बागेत गेले ते गेलेच. सकाळचा तो खमका चालक तेव्हा कुठे होता, देव जाणे. बहुधा पडवीत झोपला असावा.

पाचपैकी चार तारे. एक तारा हत्तीपायी कापला आहे, पुढच्या वेळी सूचना वेळेवर आली तर परत देईन.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. जागा शिमग्याच्या आधीच भरतात, तेव्हा माघातच पैसे भरा. मासे हवे असतील तर शुक्रवारपर्यंत कळवा, शनिवारी सांगितलं तर काकी ऐकत नाहीत. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जुना टी-शर्ट न्या, काजूच्या बागेतून जायचं आहे. खुर्ची हवी असेल तर निःसंकोच मागा. तीन खुर्च्या होत्या, दोन रिकाम्या राहिल्या, कारण मागायला सगळ्यांनाच लाज वाटत होती. आणि सुटे पैसे ठेवा, आमसुलं घेताना काकींकडे पाचशेचे सुटे नसतात.